नाव नसलेला नावाडी

चित्राची पारख त्याच्या शीर्षकावरून करावी की रंगरेषांवरून, हा प्रश्न अमेरिकन चित्रकार टॉमस ईकिन्स (१८४४–१९१६) याच्या १८७६ सालच्या एका तैलचित्रापुढे आम्हांला पडतो. हे चित्र येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे. डेलावेअर नदीकाठची दलदल, तीत दाट माजलेले बोरू आणि सपाट बुडाच्या होडीत उभी असलेली दोन माणसे, एवढाच त्याचा विषय. लाल सदऱ्यातल्या गोऱ्या शिकाऱ्याने बंदूक खांद्याला लावली आहे; त्याच्यामागे कृष्णवर्णीय नावाडी लांब काठी घेऊन उभा आहे. पक्षी मात्र चित्रात कुठेच नाही.

ही शिकार समजून घेतल्याशिवाय चित्राचे मर्म उलगडत नाही. पाणकोंबडीच्या कुळातला ‘रेल’ पक्षी सहसा उडत नाही. तो बोरूंतून धावत निसटतो. भरतीचे पाणी दलदलीत चढले की होडी आत रेटता येते आणि पक्ष्याला उडणे भाग पडते. ओहोटी लागेपर्यंतच ही संधी. होडी रेटायची नावाड्याने आणि बाराच्या क्षणी ती स्थिर राखायचीही त्यानेच. तो डळमळला की नेम चुकलाच.

१८७४ च्या अशाच एका चित्रात ईकिन्सने शिकारी-नावाड्यांच्या अनेक जोड्या दाखविल्या होत्या. इथे एकच जोडी आहे. त्यामुळे नजरेला पळवाट उरत नाही. पॅरिसमध्ये जेरोमच्या हाताखाली शिकलेल्या आणि शरीररचनेचा कसून अभ्यास केलेल्या या चित्रकाराने दोन्ही देहांना सारखाच ताण आणि सारखीच एकाग्रता दिली आहे. नावाडी येथे शोभेपुरता नाही. चित्राचा तोल त्याच्याच पायांवर आहे.

आणि शीर्षक? त्यात शिकाऱ्याचे नाव आहे, विल शुस्टर. दुसरा केवळ ‘ब्लॅकमन’. हे त्याचे आडनाव असेल असे घटकाभर मानले, तरी पूर्ण नावाचा मान एकट्या शिकाऱ्यालाच मिळाला, हे उरतेच. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा अवघी अकरा वर्षे झाली होती. कुंचल्याने जे दिले, ते लेखणीला देता आले नाही. चित्रकाराच्या थोरवीपुढे ही उणीव झाकून टाकावी, असे आम्हांला वाटत नाही. परंतु शीर्षक विसरून चित्रापुढे क्षणभर उभे राहावे. नजर बंदुकीवरून निघते आणि नावाड्याच्या घट्ट रोवलेल्या पावलांशी येऊन थांबते. त्याचे नाव आपणांस ठाऊक नाही; पण त्याला ओलांडून हे चित्र पाहताच येत नाही.