मोठ्यांची उन्हाळी शाळा

दिवाळीच्या फराळाशी बसून वैशाखाच्या गोष्टी काढणे विचित्र दिसेल. परंतु उन्हाळ्यात वाचायची पुस्तके आधीच हेरून ठेवलेली बरी. आमच्या वडगावात मे महिन्याच्या दुपारी शाळेला कुलूप असते, शेताला पावसाची वाट असते आणि माणसाला सवड असते. अशाच एका दुपारी ओसरीवर वाचीत बसलो असता शेजारच्या आबांनी विचारले, "गुरुजी, आता कसली परीक्षा देताय?"

मी मॅट्रिकवर थांबलेला, प्रश्न झोंबला. परीक्षा नसताना प्रौढ माणसाने का वाचावे? उत्तरादाखल तीन पुस्तके सुचवतो. तिन्ही लेखकांपैकी एकानेही परीक्षा देऊन विद्यापीठाची पदवी मिळवली नव्हती.

पहिले घरचेच. गो. नी. दांडेकर आमच्या मावळातल्या तळेगावी राहिले. तेराव्या वर्षीच त्यांनी शाळा सोडली होती. त्यांचा 'माचीवरला बुधा' (1958) म्हणजे मुंबई सोडून राजमाचीच्या रानात परतलेला म्हातारा. झाडे आणि जनावरे यांच्याशी त्याचे जे नाते जडते, ते वाचल्यावर आपलाच डोंगर आपण कधी नीट पाहिला नाही, याची लाज वाटते. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. रानातले एकटेपण इथे फार गोड झाले आहे. त्यातला काच मावळातल्या माणसाला अधिक ठाऊक असतो.

दुसरे लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. त्याचे भाग 1934 पासून प्रसिद्ध झाले. शाळेत न जाता, लग्नानंतर पतीकडून त्या अक्षरे शिकल्या. 1895 साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला. एवढे दुःख सांगतानाही बाई स्वतःच्या भोळेपणाला हसतात आणि कोणावर सूड उगवीत नाहीत. मराठीत प्रौढांना शहाणपण शिकवणारे याहून प्रसन्न पुस्तक मला माहीत नाही. उत्तरार्धात विस्कळीतपणा आहे, पण तो बोलणाऱ्या माणसाचा आहे. घरात चारजणांनी मिळून मोठ्याने वाचावे ते हेच.

तिसरे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक चार पैसे मिळवावेत म्हणून उत्तरेकडे निघाला आणि 1857 च्या बंडात सापडला. झाशी पडली तेव्हा तो तिथे होता. पुस्तक छापले गेले ते 1907 साली. भटजींनी डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले एकाच पंक्तीला बसवले आहे. ते निवडणे वाचकाचे काम. पण हे निवडणे शिकणे, हेच तर प्रौढांचे शिक्षण! वर्तमानपत्र वाचतानाही ते उपयोगी पडते.

आबांना मी 'बुधा' वाचून दाखवला. तीन दुपारी ते न बोलता ऐकत होते. चौथ्या दिवशी आपण होऊन आले आणि जरा रागानेच म्हणाले, "एवढ्या म्हाताऱ्यानं रानात एकटं राहू नये. लिहिणाऱ्यानं त्याला कुणीतरी सोबत द्यायला पाहिजे होती."

मी वाद घातला नाही. वर्षानुवर्षे मी मुलांकडून धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरे पाठ करून घेतो; पण लेखकाशी असे भांडण एकाही मुलाने केलेले मला आठवत नाही. येत्या वैशाखात आबांना 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवणार आहे.