एका प्रथिनाच्या खांद्यावर केवढे ओझे

शाळेतल्या खेळाच्या तासाची बाजू मांडताना अलीकडे एका प्रथिनाचे नाव वारंवार ऐकू येते: बीडीएनएफ. व्यायाम केला की हे प्रथिन वाढते, ते वाढले की स्मरणशक्ती सुधारते, नैराश्य हटते, चित्त स्थिर होते, म्हातारपणीचा विसरभोळेपणा लांबतो, अशी ती साखळी. ती सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेण्यात जॉन रेटी यांच्या ‘स्पार्क’ या इंग्रजी पुस्तकाचा मोठा वाटा आहे. रेटी हे हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये शिकवणारे मानसोपचारतज्ज्ञ. एरिक हॅगरमन यांच्या साथीने लिहिलेले त्यांचे हे पुस्तक २००८ साली आले. भाषा सोपी, ओघवती. सुरुवातच एका शाळेपासून होत असल्याने ते शिक्षकांना जवळचे वाटते. म्हणूनच ते जरा तपासून पाहायला हवे.

पुस्तकात शिकणे, ताण, चिंता, नैराश्य, अवधानाचा अभाव, व्यसन, स्त्रियांमधील संप्रेरकांचे बदल आणि वार्धक्य यांवर एकेक प्रकरण आहे. प्रत्येक विकाराची कथा वेगळी आहे, पण त्यांत बीडीएनएफ पुन्हा पुन्हा भेटते. रेटी त्याला बागेतल्या झाडांना घालायच्या एका प्रसिद्ध खताची उपमा देतात. ही उपमा पुस्तकातून निसटली आणि ‘मेंदूचे खत’ या रूपात सगळीकडे पसरली. व्यायाम चांगला, हे रेटींचे म्हणणे मला मान्य आहे. आक्षेप आहे तो या खतावर. पुस्तकाला वैज्ञानिक वजन आले आहे ते याच प्रथिनामुळे, आणि नेमकी तीच बाजू सर्वांत लंगडी आहे.

हे प्रथिन सापडले कसे, ते आधी पाहू. रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी १९५०च्या दशकात चेतापेशींना जगवणारे व वाढवणारे एक प्रथिन शोधले होते. १९८६ साली त्यांना नोबेल मिळाले ते त्या कामाबद्दल. पण ते प्रथिन ठरावीक चेतापेशींवरच काम करी. इव्ह-आलां बार्द, डेव्हिड एडगर आणि हान्स थ्योनेन हे म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेत त्याचे भावंड शोधत होते. डुकराचे सुमारे दीड किलो मेंदू घेऊन, गाळत, वेगळे करत त्यांच्या हाती लागले ते साधारण १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! कोंबडीच्या भ्रूणातील चेतापेशी या द्रव्यात जगत आणि त्यांना तंतू फुटत. हा शोध १९८२ साली प्रसिद्ध झाला. १९८९ मध्ये त्याच्या जनुकाची रचनाही कळली. पूर्ण तयार झालेले प्रथिन ११९ अमिनो आम्लांचे आहे, आणि डुक्कर, उंदीर व माणूस यांच्यात ते तंतोतंत सारखे आहे. कोट्यवधी वर्षांत एकही अक्षर न बदललेले हे प्रथिन महत्त्वाचे आहे यात शंका नाही.

व्यायामाशी त्याचा संबंध जुळला तो १९९५ साली. कार्ल कॉटमन यांच्या कॅलिफोर्नियातील गटाने उंदरांना पिंजऱ्यात धावायला चाक दिले. काही दिवस धावलेल्या उंदरांच्या मेंदूत, विशेषतः स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये, बीडीएनएफच्या जनुकाचे काम वाढलेले दिसले. प्रयोग उत्तम होता आणि पुढे तो अनेकांना पडताळता आला. रेटी त्याचे वर्णन रंगवून करतात, ते योग्यच आहे.

अडचण येते ती पुढच्या पायरीवर. खत म्हटले की ते जितके घालाल तितके बरे आणि कुठल्याही कुंडीत घातले तरी बरे, असे मनात येते. बीडीएनएफ तसे वागत नाही. ते कमी बनवणाऱ्या उंदरांमध्ये अपस्माराची सवय मेंदूला लागायला जास्त वेळ लागतो, हे १९९५ मध्येच दिसले होते. म्हणजे फिट्सच्या बाबतीत हे ‘खत’ आगीत तेल ओतते. मज्जारज्जूला जोडलेल्या नसेला इजा झाली की तिथल्या मायक्रोग्लिया पेशी बीडीएनएफ सोडतात आणि साधा स्पर्शही वेदना होऊन जाणवू लागतो. हे काम २००५ सालचे. नैराश्याचे तर आणखी विचित्र आहे. हिप्पोकॅम्पसमध्ये हे प्रथिन टोचले तर उंदीर नैराश्याच्या चाचण्यांत सुधारलेले दिसतात. पण बलदंड उंदराकडून रोज मार खाऊन दबून गेलेल्या उंदरांवर २००६ साली जे प्रयोग झाले त्यांत उलट दिसले. मेंदूच्या बक्षीस-मार्गातील बीडीएनएफचे जनुक काढून टाकले तर ते उंदीर इतरांना टाळेनासे झाले. एका जागी औषध, दुसऱ्या जागी रोगाचा साथीदार!

इतकेच नव्हे. पेशीत हे प्रथिन आधी लांब रूपात बनते आणि मग त्याचा पुढचा तुकडा कापला जातो. कापलेले रूप एका ग्राहीला चिकटून चेतापेशींमधले सांधे बळकट करते. न कापलेले रूप दुसऱ्याच ग्राहीला चिकटते. त्याने सांधे दुबळे होऊ शकतात, प्रसंगी पेशी मरूही शकतात. प्रथिन तेच, पण ते कुठे आहे, कोणत्या रूपात आहे आणि समोर कोण आहे यावर परिणाम ठरतो. हे सारे पुस्तकाच्या प्रकाशनापूर्वी माहीत झालेले होते. खताच्या उपमेत मात्र याला जागाच नाही.

आता रक्ताकडे वळू, कारण सगळा गोंधळ इथे साठलेला आहे. जिवंत माणसाच्या मेंदूतले बीडीएनएफ सहज मोजता येत नाही, म्हणून रक्तातले मोजतात. ‘वीस मिनिटे धावल्यावर बीडीएनएफ वाढले’ असे वाचले की ते बहुधा रक्तातले असते. पण माणसाच्या रक्तातले हे प्रथिन मुख्यतः प्लेटलेट्समध्ये, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांत साठलेले असते. रक्त नळीत गोठू दिले की त्या फुटतात आणि आकडा चढतो. न गोठू दिलेल्या रक्तद्रवात तो कितीतरी पट कमी येतो. उंदराची गंमत पाहा: त्याच्या प्लेटलेट्समध्ये हे प्रथिन जवळजवळ नसतेच, मेंदूत मात्र ते व्यवस्थित असते. तेव्हा रक्तातला आकडा पाहून मेंदूबद्दल बोलणे म्हणजे गावच्या टाकीची पातळी पाहून घरातल्या माठात किती पाणी आहे ते सांगण्यासारखे आहे.

२०११ साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास यासंदर्भात नेहमी दाखवला जातो. १२० वृद्ध, त्यांतले अर्धे वर्षभर नियमित चालले, अर्ध्यांनी ताणाचे हलके व्यायाम केले. चालणाऱ्यांचे हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढले. ही बातमी सगळ्यांना ठाऊक असते. रक्तातील बीडीएनएफच्या बदलात मात्र दोन गटांमध्ये फरक पडला नव्हता, ही ओळ क्वचितच कुणी वाचते. पुढे २०२२ साली ५८५ वृद्धांवरच्या चाचणीत सहा महिन्यांच्या व्यायामाने स्मरणशक्तीतही सुधारणा आढळली नाही आणि हिप्पोकॅम्पसच्या आकारातही नाही.

जनुकाची कथाही याच वळणाने गेली. बीडीएनएफच्या लांब रूपातील ६६व्या जागी काही लोकांत व्हॅलिनऐवजी मेथिओनिन असते. ही जागा कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यात येते, म्हणजे तयार प्रथिन सर्वांचे सारखेच. फरक पडतो तो पेशीतून ते बाहेर सोडण्यात. २००३ साली असा बदल असलेल्यांची स्मृती थोडी कमी भरते असे प्रसिद्ध झाले आणि मग पूर आला: नैराश्य, स्किझोफ्रेनिया, चिंता, अल्झायमर, सगळ्यांशी त्याचा संबंध जोडणारे शोधनिबंध निघाले. २०१२ मध्ये बौद्धिक क्षमतांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ठोस संबंध उरला नाही. २०१९ मध्ये नैराश्याशी जोडल्या गेलेल्या १८ नामांकित जनुकांची लाखो लोकांच्या माहितीवर परीक्षा झाली. त्यांत बीडीएनएफही होते. डोळे मिटून निवडलेल्या कुठल्याही जनुकांपेक्षा ही अठरा काही वेगळी ठरली नाहीत. रेटींना २००८ मध्ये हे ठाऊक असणे शक्य नव्हते, तो दोष त्यांचा नाही. पण आज पुस्तक वाचणाऱ्याला ते ठाऊक असायला हवे.

मग एकाच प्रथिनामुळे मेंदूचा विकार होतच नाही का? होतो की! हंटिंग्टनचा रोग घ्या. हंटिंग्टिन या प्रथिनाच्या जनुकात सीएजी ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. ही पुनरावृत्ती ४० किंवा त्याहून अधिक असेल, तर नेहमीचे आयुष्य लाभलेल्या माणसाला हा रोग होतोच. कारण म्हणायचे तर असे, बोट ठेवून दाखवता येणारे. विशेष म्हणजे इथे बीडीएनएफही येते. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या स्ट्रायटम या भागाला ते मोठ्या मेंदूच्या बाह्यकाकडून मिळते. निरोगी हंटिंग्टिन त्याच्या निर्मितीला आणि वाहतुकीला मदत करते, बिघडलेले करत नाही, हे २००१ ते २००४ दरम्यान दाखवले गेले. म्हणजे इथे बीडीएनएफची भूमिका आहे, पण ती साखळीतल्या मधल्या कडीची. ‘भूमिका आहे’ आणि ‘कारण आहे’ या दोन वाक्यांतले अंतर विद्यार्थ्यांना दाखवायचे तर याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

आणि औषध म्हणून? तोही प्रयोग झाला आहे. स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाणाऱ्या एएलएस या जीवघेण्या रोगात बीडीएनएफ टोचून पाहिले गेले. १,१३५ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष १९९९ मध्ये आला: मुख्य निकषांवर काहीही फायदा नाही. त्वचेखाली टोचलेले प्रथिन हव्या त्या पेशींपर्यंत पुरेसे पोचतच नसावे, हे त्याचे एक संभाव्य कारण. खत पोत्यात असून भागत नाही!

या सगळ्याचा शाळेशी काय संबंध, असे वाटेल. संबंध आहे. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो, हे आपण सगळे पाहतो. तो वाचवायला एखादा शिक्षक मुख्याध्यापकांपुढे बीडीएनएफचे नाव घेतो, ते समजण्यासारखे आहे. पण ज्या दिवशी २०२२ सारखा एखादा निकाल मुख्याध्यापकांच्या वाचनात येईल, त्या दिवशी त्या तासाची बाजूच कोसळेल. खेळायला मिळणे हा मुलाचा हक्क आहे, त्याने शरीर घडते, दोस्ती होते, हरायला शिकता येते. ही कारणे रक्तातल्या आकड्यावर टांगायची गरज नाही. यातला दुसरा धोका मला जास्त काळजीचा वाटतो. नैराश्याने ग्रासलेल्या मुलाला ‘रोज पळत जा, बीडीएनएफ वाढेल’ असे सांगितले आणि तरी त्याला बरे वाटले नाही, तर ते मूल दोष स्वतःलाच देते. डॉक्टरांकडे जाणे मात्र लांबणीवर पडते.

रेटींचा शाळेचा पुरावाही जपून वाचावा. शिकागोजवळच्या नेपरव्हिल येथील मुले १९९९च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत विज्ञानात पहिली आणि गणितात सहावी आली. ते श्रेय तिथल्या व्यायामाला देण्याकडे पुस्तकाचा कल आहे. पण ती वस्ती सधन आहे, आणि रेटीही ते लपवत नाहीत. पहाटेच्या जादा तासाला येणारी मुलेही मुळातच लवकर उठून यायला तयार झालेली होती. तुलना करायची तर चिठ्ठ्या टाकून दोन गट करायला हवे होते.

एवढे असूनही पहिले प्रकरण प्रत्येक शारीरिक शिक्षण शिक्षकाने वाचावे असे मला वाटते, आणि ते एका मुलीसाठी. नेपरव्हिलचे शिक्षक फिल लॉलर यांनी सहावीतल्या एका मुलीला हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र बांधून एक मैल धावायला लावले. ती नेहमी मागे पडे. यंत्राने सांगितले, तिच्या ठोक्यांची सरासरी होती मिनिटाला १८७. वर्गात सर्वांत मागे असलेली ती मुलगी जीव तोडून धावत होती. त्यानंतर लॉलर यांनी घड्याळातल्या वेळेवर गुण देणे सोडले आणि प्रयत्नांवर देऊ लागले.