पदरमोडीचा ग्रंथ

मागल्या हिवाळ्यात घनसावंगीला एका निवृत्त गुरुजींच्या घरी मुक्कामाला होतो. रात्री बाजेखाली पायाला काहीतरी लागले, म्हणून वाकून पाहिले, तर पुस्तकांचे गठ्ठे! स्वतःच्या आठवणींच्या पाचशे प्रती गुरुजींनी छापल्या होत्या. चारशेवर तिथेच विसावल्या होत्या. प्रकाशकाने दोन वर्षे उत्तर दिले नाही, तेव्हा त्यांनी निवृत्तीच्या पैशाला हात घातला. एक प्रत मला देऊन ते म्हणाले, “खरं ते लिहा.” म्हणून हा प्रपंच.

ग्रंथकाराने स्वतःच ग्रंथ छापावा, यात कमीपणा नाही. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली स्वतःच प्रसिद्ध केली. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’चे सुरुवातीचे भाग ‘दीनबंधू’त आले आणि मग छपाई थांबली, मित्राच्या पत्रालाही तो मजकूर झेपला नाही. जे दुसरा कोणी छापणार नाही, ते छापता यावे, हा पदरमोडीचा खरा लाभ.

गुरुजींनाही तो मिळाला आहे. १९७२ च्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडायला गेलेला दहा वर्षांचा मुलगा आणि त्याच्या ओंजळीतली सुकडी, हे प्रकरण अस्सल आहे. एखाद्या शहरी संपादकाने त्यातली बोली पुसून टाकली असती. पण त्याच संपादकाने पुढची सत्कारसमारंभांची चाळीस पानेही काढली असती! ‘हे नको’ म्हणणारे माणूस गुरुजींना भेटलेच नाही. आयएसबीएन क्रमांक आज विनामूल्य मिळतो. परखड पहिला वाचक मात्र स्वतःच शोधावा लागतो. विक्रेत्याची सूट, टपालखर्च आणि उधारी यांचा हिशेब त्यानंतरचा.

याच तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. कागद झिजला तरी अक्षर वाचावे म्हणून भोवती जागा सोडावी, तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, असे समर्थ बजावतात. न पाहिलेल्या वाचकाची केवढी ही काळजी!

गुरुजींच्या नातीने त्याच दुष्काळाच्या प्रकरणाची सोळा पानी चित्रकथा काढली आहे. चित्रे बोलकी, पण फुग्यांतली अक्षरे इतकी बारीक की आजीला वाचता येईनात. पोरीने काय केले? वीसच प्रतींच्या झेरॉक्स काढल्या होत्या. आजीची तक्रार ऐकून पाने पुन्हा लिहिली आणि आणखी वीस काढल्या. आजोबांना पाचशे प्रतींनी जे शिकवले नाही, ते तिला विसांनी शिकवले.

चकलीचा पहिला घाणा काढून आपण घरात चाखायला देतो. मोडली तर भाजणीत काय ते पाहतो. सगळे पीठ एकदम तळत नाही. आता पन्नास प्रतीही छापून मिळतात, तेव्हा पुस्तकाचाही पहिला घाणा काढता येतो.

गुरुजी, दुष्काळाचे प्रकरण तेवढे वेगळे काढा, नातीला चित्रे काढू द्या, आणि पन्नासच छापा. त्यातली एक प्रत मी विकत घेईन.