विजयाबाईंची मावशी

विजया मेहता म्हटलं की आपल्याला आठवते ती दिग्दर्शिका. १९६० साली ‘रंगायन’ उभी करणाऱ्यांपैकी एक, पुढे ‘वाडा चिरेबंदी’ बसवणारी. हे खरंच आहे. पण यात त्यांच्यातली नटी झाकली जाते, आणि तो अन्याय आहे असं मला वाटतं.

‘बॅरिस्टर’ घ्या. जयवंत दळवींचं हे नाटक बाईंनी बसवलं आणि त्यात मावशीही केली. त्यावरच १९८५ च्या सुमारास त्यांनी ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट काढला. बॅरिस्टरच्या भूमिकेत विक्रम गोखल्यांच्या जागी अनुपम खेर आले. मावशी मात्र बाईच. का बरं?

कारण खरी परीक्षा मावशीपाशी होते. बॅरिस्टर विलायतेहून आलेला, तरुण विधवा राधेच्या केशवपनाला विरोध करणारा. पण स्वतः पाऊल उचलायची वेळ आली की कच खातो. त्याच्या सुधारणेचं वजन किती, हे त्याच घरातल्या सोवळ्या मावशीकडे पाहिलं की कळतं. बाई तिला दीनवाणी करत नाहीत. ती मायाळू आहे, हौशी आहे. म्हणूनच तिचं वाया गेलेलं आयुष्य आपल्याला जास्त लागतं.

चित्रपट काही ठिकाणी नाटकीच राहिलाय, हेही सांगायला हवं. पण मावशी नाही. तिच्यासाठी बाईंना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

रंगमंचावरचा तो प्रयोग आता नळदुर्गातच काय, मुंबईतही दिसायचा नाही. पडद्यावरची मावशी तेवढी उरलीय. ती बघा, आणि मग त्यांच्या दिग्दर्शनाबद्दल बोलू.