टेबलावरचा दुसरा चाकू

सिडनी ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) तुम्ही पाहिला असेलच; नसेल तर बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ तरी. आरोपी मुलाचा चाकू जगावेगळा आहे असं सगळे धरून चालतात, आणि आठ नंबरचा ज्युरर खिशातून तस्साच दुसरा काढून टेबलात खुपसतो. मुलाच्याच वस्तीतून विकत आणलेला. आपण मनातल्या मनात टाळ्या वाजवतो.

पण थांबा. हे ज्युररचं सरळसरळ गैरवर्तन आहे. ज्युरीनं फक्त कोर्टात आलेला पुरावा पाहायचा असतो. अमेरिकन संविधानाची सहावी दुरुस्ती आरोपीला निःपक्ष ज्युरी आणि साक्षीदारांच्या उलटतपासणीचा हक्क देते. बंद खोलीत आलेल्या चाकूची उलटतपासणी कोण करणार? इथे मुलगा सुटतो म्हणून आपल्याला खटकत नाही. तोच चाकू त्याला अडकवायला आणला असता तर?

तरी माझी खरी तक्रार दहा नंबरच्या ज्युररबद्दल आहे. तो ‘ही असली माणसं’ म्हणत गरळ ओकतो, बाकीचे एकेक करून पाठ फिरवतात आणि द्वेष गप्प होतो. खरंच असं होतं? कोलोरॅडोतल्या पेन्या-रॉड्रिग्ज खटल्यात एक ज्युरर म्हणाला, आरोपी मेक्सिकन आहे, म्हणजे त्यानंच केलं असणार. आरोपी दोषी ठरला. निकालानंतर दोन ज्युरर्सनी हे वकिलाला सांगितलं, तरी राज्याच्या कोर्टांनी दाद दिली नाही. खोलीतली चर्चा ज्युररच्या साक्षीनं बाहेर आणायची नाही, असा नियम. १९८७च्या टॅनर खटल्यात तर ज्युरर दारू, गांजा, कोकेन घेत होते असे आरोप होते. तिथेही सर्वोच्च न्यायालयानं नियमच राखला. २०१७मध्ये मात्र त्यानं ५ विरुद्ध ३ मतांनी अपवाद केला: उघड वांशिक द्वेषातून कुणी दोषी ठरवत असेल, तर ते ऐकावंच लागेल.

बाहेरून आणलेल्या माहितीला मात्र नियमात आधीपासून अपवाद होता. म्हणजे मुलाला शिक्षा झाली असती, तर चाकूबद्दल कोर्टाला सांगता आलं असतं, त्या भाषणाबद्दल नाही.

आपल्याला ज्युरी म्हटलं की १९५९चा नानावटी खटला आठवतो: ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष, आणि मग हायकोर्टानं फिरवलेला निकाल. त्यातून आपण शिकलो, ज्युरी वाहवत जाते. सिनेमा शिकवतो, एक भला माणूस पुरतो. मला दोन्ही धडे अपुरे वाटतात. पुन्हा पाहाल तेव्हा एवढंच विचारा: आठ नंबर त्या दिवशी आजारी पडला असता, तर मुलाच्या हातात काय उरलं असतं?