ओदोरिकाच्या ठाणें-प्रकरणांतील निद्रा

इटालियन भिक्षु ओदोरिक याच्या प्रवासवृत्तांतांतील ठाणें-प्रकरण उत्तर कोंकणच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्यांतील सन व नांवें घ्यावीं, झोंपेच्या कथा भाकड म्हणून टाकाव्या, ही रीत आम्हांस पसंत नाहीं.

इ. स. १३२१ च्या एप्रिलांत चार ख्रिस्ती भिक्षु ठाण्यास मारले गेले. पुढें एके रात्रीं तेथील मलिक निजला असतां ते चौघे सूर्यासारखे तेजस्वी होऊन, तरवारी परजीत त्याजपुढें उभे राहिले. तो ओरडत उठला, काजीस बोलावणें गेलें, आणि मलिकानें मृतांच्या नांवें चार प्रार्थनामंदिरें बांधविलीं, असें ओदोरिक सांगतो. मागाहून तो स्वतः त्यांच्या अस्थि घेऊन चीनकडे निघाला. वाटेंत एका घरीं अस्थि उशाशीं ठेवून निजला असतां घर पेटलें, सोबती पळाले, तीन कोपरे जळाले. अस्थींसह तो बसला तो चौथा कोपरा मात्र राहिला.

ओदोरिक हत्येच्या वेळीं ठाण्यास नव्हता. मलिकाच्या स्वप्नांत तर कोणीच नव्हतें. जेथें साक्षी मिळत नाहीं तेथें कथाकार पात्रास निजवितो. बोकाच्चोच्या ‘देकामेरोन’मध्यें चौथ्या दिवसाच्या सहाव्या कथेंत आंद्रेओला व गाब्रिओत्तो एकमेकांस अशुभ स्वप्नें सांगतात, आणि लगेच तो तिच्या मिठींत मरतो. दूर कशास? राजवाड्यांनीं १९२४ मध्यें छापलेल्या महिकावतीच्या बखरींत मालाडच्या नायकोरावास देवी स्वप्नांतच आज्ञा करिते. सांगणारांचे धर्म निराळे; युक्ति एकच.

खरी मेख दुसऱ्या झोंपेंत आहे. आग मुसलमानांनीं लावली, असें ओदोरिक निःशंक म्हणतो. निजलेल्या मनुष्यानें चूड कोणाच्या हातीं पाहिली? घर जळालें असेल, लोकांत कटुताही असेल. परंतु एवढ्या वाक्यावर जाळपोळीचा आरोप एका समाजावर ठेवणें म्हणजे झोंपेची साक्ष नोंदविणें होय. अस्थींचें माहात्म्य वाढविण्यास शत्रु लागतो, हेंही विसरूं नये.

शिवाय हा वृत्तांत ओदोरिकानें १३३० मध्यें पादुआ येथें तोंडीं सांगितला व सोलान्याच्या गुल्येल्मोनें लिहून घेतला. त्याच्या शंभरावर हस्तलिखित प्रती आहेत. हत्येसाठीं त्याच वर्षीं, १३२१ मध्यें, लिहिलेलें जोर्दानुसाचें पत्र प्रथम पाहावें. ठाण्यांत चार प्रार्थनामंदिरांचे पाये शोधूं इच्छिणारांनीं मात्र कुदळ उचलण्यापूर्वीं हें ध्यानीं घ्यावें कीं, त्यांच्या बांधणीचें कारण म्हणून वृत्तांतांत एक स्वप्न तेवढें सांगितलें आहे.