अश्रूंचा पक्षपात

17 सप्टेंबरच्या संध्याकाळी अंधेरीत एका मित्राच्या घरी आम्ही चार-पाच लिहिणारे जमलो होतो. विषय होता मराठवाडा मुक्तिसंग्राम आणि त्यावरचे मराठी लेखन. मूळचे लातूरकडचे एक बुजुर्ग म्हणाले, "रझाकारांवर पुस्तके निघाली. आमच्या गावात नंतर जे झाले, त्यावर कोणी लिहिले?"

तक्रार खरी आहे. 13 ते 17 सप्टेंबर 1948 या काळात हैदराबादवर कारवाई झाली. नाव 'पोलीस अ‍ॅक्शन', उतरले होते लष्कर. त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांची कत्तल झाली. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. तो अहवाल कित्येक दशके दडपला गेला. मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत रझाकारांचे जुलूम तपशिलाने येतात. ही कत्तल मात्र बहुधा 'प्रतिक्रिया' या एका शब्दात उरकली जाते.

पण मी विचारले, "चाचा, शोएबुल्लाखानवर आपल्यापैकी कोणी लिहिले?" 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा हा तरुण संपादक रझाकारांविरुद्ध, विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत रझाकारांनी त्याचा खून केला. तो मुसलमान होता, उर्दूत लिहिणारा होता. तरी आपल्या कथा-कवितेत त्याला जागा नाही. मग रझाकारांनी लुटलेल्या, मारलेल्या हिंदू गावकऱ्यांना कोठून असणार? बैठक गप्प झाली.

दुसऱ्याच्या मौनाचा हिशेब मागणाऱ्याने आधी आपले मौन तपासावे. मजलूमचे नाव विचारून रडणारा मजलूमचा नसतो, आपल्या जमातीचा असतो. दोन्ही पारडी ओढूनताणून सारखी करा, असे मी म्हणत नाही. आकडे आकड्यांच्या जागी राहतील. पण कासीम रझवीचा गुन्हा खेड्यातल्या गरीब मुसलमानाच्या माथी मारता येत नाही, आणि नंतरच्या कत्तलीने रझाकारही निर्दोष ठरत नाहीत.

सुंदरलाल समितीत काझी अब्दुल गफ्फार हे उर्दूतले नामवंत लेखक होते. मुसलमानांच्या कत्तलीची नोंद करणाऱ्या त्या अहवालातच, हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याचीही नोंद आहे. रागाच्या भरात ती गाळणे सोपे होते. समितीने गाळली नाही.

आपण लिहिताना काय काय गाळतो, हे एकदा तपासायला हवे.